आधी पोचतो तो आवाज

करुणानं वारुळाच्या कडेची ओली माती दोन बोटांनी उकरली आणि अळंबीचा देठ मुळापासून अलगद सोडवला. वरून ओढली की अर्धी मातीतच राहते आणि पुढच्या साली तिथं काही उगवत नाही, असं सासूनं सांगितलं होतं. खरंखोटं सासूलाच ठाऊक. ओच्यात आता चांगला ढीग झाला होता. पांढरीशुभ्र, एकेक अळंबी तळहाताएवढी. वाडीत जाऊन सांगेपर्यंत ती सुपाएवढी होणार होती, पण ते नंतर.

आंबेकोंडातली बाई घरातलं सोनं कुठं ठेवलंय ते एक वेळ सांगेल, पण आपल्या अळंब्या कुठल्या वारुळावर येतात ते सख्ख्या बहिणीलाही सांगायची नाही. करुणाला ही जागा सासूनं शेवटच्या दुखण्यात सांगितली होती, तीही घरातल्या सगळ्यांना ओटीवर घालवून, कानात. बाहेर बसलेल्यांना वाटलं, म्हातारी सुनेची माफी मागतेय. तेव्हा आजही घरातून निघताना करुणा कुठं जाते ते बोलली नव्हती. नवरा, राजेंद्र, पडवीत बसून छत्रीची काडी बसवत होता.

“जरा जाऊन येते,” ती म्हणाली.

तो थांबला. काडीकडे बघत राहिला. मग म्हणाला,

“जाऊन येतेस.”

झालं. कुठं, कशाला, कधी, काही नाही.

शेवटची अळंबी ओच्यात टाकून तिनं कमरेवर हात ठेवले आणि मान वर केली, तर सडा नव्हता.

सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचा सपाट कातळ, कोस-दीड कोस पसरलेला. मघाशी होता, आता नव्हता. ढग खाली येऊन बसला होता. श्रावण सरत आला की तो असा अधूनमधून बसतो, पण आज बसला तो जावयासारखा पाय पसरून. करुणानं हात पुढं केला तर बांगड्या दिसल्या, बोटं दिसेनात.

ती दहा पावलं चालली आणि थांबली. पुन्हा वारुळाकडे यावं म्हणून वळली, तर वारूळही गेलं. पायाखाली कातळ, वर पांढरं, बाजूला पांढरं. आणि आता तिला खाण आठवली. सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण होती. चिरे कापून कापून अख्खं घर बुडेल एवढा खड्डा झालेला, तो पावसात काठोकाठ भरायचा. भोवती ना कठडा, ना तार. दोन वर्षांमागे वरच्या वाडीची म्हैस अशाच ढगात चरता चरता आत गेली, ती तिसऱ्या दिवशी वर आली. ती खाण आत्ता डावीकडे आहे, उजवीकडे आहे की चार पावलांवर पुढ्यातच आहे, हे करुणाला सांगता आलं नसतं.

“ओ! कोण हाय का?”

तिचा आवाज ढगानं गिळला. परत काही आलं नाही. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला, आणि आणला असता तरी सड्यावर त्याचा उपयोग वेळ बघण्यापुरताच. ती आहे तिथंच कातळावर बसली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मांडीत अळंब्यांचा ढीग, आणि या वेळी ती कुठं आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नाही. सासूच्या कानगोष्टीचं हे फळ.

बसल्या बसल्या तिला कालची सकाळ आठवली.

कालच्या सकाळी तिनं चहाचा कप नवऱ्यापुढं ठेवला होता आणि चार दिवस तोंडात घोळवलेलं बोलली होती.

“प्रज्ञेशचा फोन आला होता. सून कामावर परत जातेय. सानवीला बघायला माणूस नाही त्यांच्याकडे. मला बोलावतोय. सोमवारच्या गाडीनं मुंबईला जावं म्हणते. आता काय, वर्ष दोन वर्षं तिकडंच.”

राजेंद्रनं कप उचलला आणि तो थांबला. त्याच्या त्या थांबण्याचं वाडीत नाव होतं. त्याला काही विचारावं आणि उत्तर येईतो भात लावून यावा, असं बायका म्हणायच्या. करुणा पदर पिळत उभी राहिली. तिला काही फार नको होतं. ‘कशाला जातेस’ असं चिडून म्हणाला असता तरी चाललं असतं.

“सोमवारी,” तो म्हणाला. “मुंबईला.”

आणि चहा प्यायला.

विहिरीत ओरडावं आणि आपलंच आपल्याला परत यावं, तसं. तिनं रिकामा कप उचलला आणि मोरीत इतका वेळ घासला की त्यावरचं फूल उडायचं तेवढं राहिलं.

लग्नाला सदतीस वर्षं झाली. त्यातली तेहतीस राजेंद्र नेव्हीत होता आणि त्यातलीही बरीचशी पाण्याखाली. पाणबुडीवर तो पाण्यातल्या फोनवर असायचा. एका पाणबुडीतून दुसऱ्या पाणबुडीशी, मधे वायर नाही, काही नाही, नुसत्या पाण्यातून बोलायचं. करुणा इथंच राहिली. सासू-सासरे, भाताची दोन खाचरं, प्रज्ञेशची शाळा, मग देवरूखचं कॉलेज. वर्षाचे दोन महिने नवरा, दहा महिने पत्र. पत्रातही चार ओळी. चारही कामाच्या.

आता बायका विचारणारच, काय करतो गो तुझा घो पाण्यात? आणि करुणाला काही माहीत नसायचं. मग तिनं स्वतःच पुरवठा सुरू केला. तिनं सांगितलं की राजेंद्रनं पाण्यात ‘हॅलो’ म्हटलं की देवमासे रांगेत उभे राहतात. एक देवमाशीण तर त्याच्या आवाजावर एवढी भाळली की गुजरातपासून कारवारपर्यंत पाणबुडीच्या मागनं आली. साहेबांनी शेवटी दुसऱ्या माणसाला बोलायला लावलं तेव्हा रुसून परत गेली. एकदा परक्या देशाची पाणबुडी चोरून ऐकत होती, तर यानं खोकला काढला आणि ती घाबरून घरी गेली. वाडीतल्या दोन पिढ्या या गोष्टींवर वाढल्या. राजेंद्र सुट्टीवर आला की पोरं त्याला देवमाशिणीबद्दल विचारायची. तो थांबायचा, करुणाकडे बघायचा, आणि म्हणायचा, “देवमाशीण.” पोरांना तेवढं पुरायचं.

खरं काय ते तिला एकदाच कळलं, तेही दुसऱ्याकडून. राजेंद्र चार वर्षांपूर्वी कायमचा घरी आला, त्यानंतर पालीचा आत्माराम एक दिवस भेटायला आला होता. तोही पाणबुडीवर त्याच कामाला. तो मात्र बोलका.

“वहिनी, पाण्यात आवाज सरळ जात नाही हो,” त्यानं पोह्यांची बशी मांडीवर घेऊन सांगितलं होतं. “वर जातो, खाली जातो, तळाला आपटून फिरून येतो. घाईनं बोललात तर तुमचाच मागचा शब्द येऊन पुढच्यावर बसतो, नि समोरच्याला नुसतं घुमल्यासारखं होतं. म्हणून एक शब्द टाकायचा. तो विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरा.”

“आणि समोरचा?”

“समोरच्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. बरोबर पोचलं की नाही ते कळायला.”

“मग स्वतःचं कधी बोलता?”

आत्माराम मोठ्यानं हसला.

“स्वतःचं कसलं, वहिनी! पाण्यात खाजगी काही नसतं. आपला असो, परका असो, जो कान लावून बसलाय त्याला सगळं ऐकू जातं. शिवाय बोललं की आपण कुठं आहोत ते उघडं पडतं. म्हणून कामाचं तेवढं बोलायचं नि गप बसायचं.”

राजेंद्र तिथंच बसून हे ऐकत होता. त्या दिवशी करुणाला नवऱ्याची सवय कळली. पण सवय कळली म्हणून काही घरात बोलणं झालं नाही. उलट, तेहतीस वर्षं तो पाण्यात म्हणून ती एकटी होती. आता तो समोर पडवीत होता आणि ती तेवढीच एकटी होती. आधी निदान पत्राची वाट बघायला मिळायची.

ढगात कुठंतरी खरखर झाली.

करुणानं कान टवकारले. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने वाडीतल्या बुद्धविहारात रोज वाचन चालतं, त्यासाठी गच्चीवर भोंगा बांधला होता. तोच खरखरत होता. मग दीप्तीचा आवाज आला. ही वाडीतली शाळामास्तरीण, विहारातलं वाचनही तीच करायची. आता ती वर्गातल्या पोरांवर ओरडावं तशी ओरडत होती. पण समोरचा डोंगर मेला हावरट. दीप्तीचं एक वाक्य संपायच्या आत तो मागचं परत पाठवायचा. काकीकाकी कुठंकुठं असाल तसाल तिथून थून, असं सगळं एकात एक कालवून ढगातून चारी बाजूंनी येत होतं. करुणा उठली, एकीकडे वळली, मग दुसरीकडे. आवाज सगळीकडून होता, म्हणजे कुठूनच नव्हता.

भोंगा बंद झाला. मग पुन्हा सुरू झाला.

“करुणा.”

आणि मग काही नाही. समोरच्या डोंगरानं तिचं नाव परत म्हटलं. तेही विरलं. मग,

“बस. खाली.”

ती बसली. सदतीस वर्षांत नवऱ्याचं एवढं पटकन तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“मी. विहारात. आहे.” प्रत्येक शब्दानंतर तो थांबत होता, डोंगराचं बोलून होईपर्यंत. “तुला. आवाज. दोन. येतील. आधी. पोचतो. तो. माझा. नंतरचा. डोंगराचा. तो. सोड.”

याच राजेंद्रला आषाढी पौर्णिमेला विहारात वाचायला बसवलं होतं. एका पानाला त्यानं इतका वेळ लावला की पुढच्या ओळीतली माणसं भिंतीला टेकली आणि मागच्या ओळीतली घरी जाऊन जेवून आली. दुसऱ्या दिवशीपासून दीप्ती वाचायला लागली. फक्त खोऱ्यापलीकडच्या वाडीतली माणसं भेटली की म्हणायची, पहिल्या दिवशीचं तेवढं आम्हाला घरबसल्या कळलं हो, पुढचं काही कळेना. तेव्हा सगळे हसले होते.

“आता. ऊठ. तोंड. माझ्याकडे. कर. पाच. पावलं. चाल. थांब. ऐक. मी. आकडे. म्हणतो. एक.”

करुणानं डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय दिसत होतं? ‘एक’ आला. मागाहून दुसरा ‘एक’ आला, जरा मऊ, जरा उशिरा. तिनं पहिल्याकडे तोंड केलं आणि पाच पावलं टाकली. थांबली. “दोन.” किंचित उजवीकडे होता. ती तेवढी वळली. पाच पावलं. “तीन.” पाच पावलं. तिला वाटलं, आपण दोरी धरून चाललोय आणि दोरीला कुणीतरी गाठी मारून ठेवल्यात.

“अकरा” ऐकायला ती थांबली तेव्हा पायाशी गार वाटलं. तिनं खाली बघितलं. उजव्या पायाच्या अंगठ्यापुढं वीतभर कातळ होता आणि त्यापुढं पाणी. हिरवं, गप्प, ढगाखाली लपून बसलेलं. खाण.

सहावं पाऊल टाकलं असतं तर अळंब्यांसकट तिचा कारभार तिथंच आटपला असता. एक अळंबी ओच्यातून घरंगळली आणि आवाज न करता पाण्यात गेली. करुणा मागच्या मागं सरकत खाली बसली, बसल्या बसल्याच कडेकडेनं खाणीला वळसा घालून पलीकडे गेली, आणि तिथं तिनं ओचा पुन्हा घट्ट खोचला. आकडे येतच होते. चौदा. पंधरा. तो थकत नव्हता, आवाज चढवत नव्हता. ती कुठं आहे, जिवंत आहे की नाही, त्याला काही ऐकू येत नव्हतं आणि तरी तो दर आकड्यानंतर, तिनं परत म्हणून दाखवायला लागेल तेवढा वेळ, वाट बघून पुढचा आकडा टाकत होता.

“सोळा,” करुणा पुटपुटली.

सव्विसाव्या आकड्याला तिचा हात दगडावर आपटला. रचलेला दगड, शेवाळलेला, कमरेएवढा. गडगा. विहाराच्या मागून निघालेली कुंपणाची ही भिंत थेट सड्याच्या तोंडापर्यंत चढत यायची. तिला हात लावत उतरलं की दहा मिनिटांत वाडी. इथून ती झोपेतसुद्धा गेली असती. तिनं गडग्यावर कपाळ टेकलं, पदरानं तोंड पुसलं आणि उतरायला पाय उचलला.

“करुणा. आकडे. पुरे. झाले,” भोंगा म्हणाला. “पण. आवाज. थांबवून. चालणार. नाही. बोलत. राहतो. काय. बोलू.”

तिचा पाय तसाच राहिला.

खाली कुणीतरी त्याला काही सुचवत असावं, कारण मधेच वाडीतल्या म्हाताऱ्या सुंदराबाईचं खेकसणं ऐकू आलं, “बोल ना रं बाबा, तुझीच बायको हाय ती!” मग खरखर. मग तो बोलायला लागला. मधलं थांबणं काढून टाकलं तर ते असं होतं.

“पाणबुड्या दोन होत्या. दोन्ही पाण्याखाली. मधे चार मैल. त्या दिवशी फोनची परीक्षा होती, आवाज किती स्वच्छ पोचतो त्याची. एकीत मी, दुसरीत आत्माराम. मी यादीतला शब्द वाचायचा, त्यानं ऐकायचा, लिहायचा, परत म्हणायचा. शंभर शब्द होते. संपले. साहेब म्हणाले, अजून लांब जाऊन बघायचंय, बोलत राहा. मी म्हटलं, काय बोलू? म्हणाले, काहीही बोल, तुझ्या भाषेत बोल. मी घरचे शब्द घेतले. कातळ. गडगा. पडवी. नाचणी. आंबोळी. सगळे पोचले. आत्माराम एकेक परत म्हणत होता. मग मी तुझं नाव घेतलं.”

करुणा गडग्यावर बसली.

खाली माणसं काळजीत होती, सगळं कळत होतं तिला. ढगातून उतरून चार ढांगांत गेली असती तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. पाप म्हणा हवं तर. तिनं डोक्याचा टॉवेल सोडला, कान मोकळे केले आणि पाय वर घेऊन नीट बसली.

“ते पोचेना. आत्माराम म्हणाला, परत सांग. परत सांगितलं. म्हणाला, काहीतरी आलं, पण काय ते कळलं नाही. तुझं नाव मऊ आहे करुणा. पाण्यात टिकत नाही. मला ते सोडून पुढचा शब्द घेता आला असता. मी घेतला नाही. सतरा वेळा म्हटलं. अठराव्यांदा त्यानं परत म्हणून दाखवलं. दोन्ही पाणबुड्यांतली माणसं ऐकत होती. वर जहाज उभं होतं, तेही ऐकत होतं. पुढं वर्षभर मला सगळे करुणा म्हणूनच हाक मारायचे. प्रज्ञेश तेव्हा पोटात होता. सुट्टीवर आलो तेव्हा तुला सांगणार होतो. सांगता आलं नाही.”

खरखर झाली. डोंगरालाही म्हणायला काही उरलं नाही.

“आज तू जाऊन येते म्हणालीस. मग मी घरात बोलून बघितलं. मोठ्यानं. घर घुमतं. तू असलीस की घुमत नाही. चार वर्षं मला वाटायचं, आपलं घर बांधलंच चांगलं आहे.”

करुणानं ओचा घट्ट धरला.

“मुंबईला जाताना,” भोंगा म्हणाला आणि इथं तो त्याच्या नेहमीच्या थांबण्यापेक्षा दुप्पट थांबला, “मलापण. ने. मी. सानवीला. बघीन. मला. स्वयंपाक. येतो. पन्नास. माणसांचा. येतो. कमी. करून. करीन.”

आणि मग, जसं काही झालंच नाही अशा आवाजात, “एक. दोन.”

ती ‘नऊ’पर्यंत बसली. मग उतरली.

विहाराच्या पायऱ्यांवर अर्धी वाडी जमली होती. ढगातून आधी ओचा, मग करुणा बाहेर आली तसा एकच गलका झाला. दीप्तीनं धावत येऊन तिला धरलं. सुंदराबाई ऐंशीची, काठी आपटत पुढं आली.

“काय गो बाय, कुठं मरायला गेली होतीस? हितं घसा फुटला माणसाचा! ढग बघितला तसा, बायको अळंब्यांनाच गेली असणार म्हणत, छत्री टाकून हितं पळत आला. नि बोलतोय काय, बोलतोय काय! मला काठीबिगर चालता येत नाय, पन ऐकू समदं येतं हो. पाणबुडीत म्हणे—”

“आजी, ह्या धरा जरा,” म्हणून करुणानं ओच्यातल्या अळंब्या सरळ तिच्या पदरात ओतल्या. एवढा माल बघून सुंदराबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. नजर मात्र अळंब्यांवरून उठून सड्याच्या दिशेला गेली, नेमकी कुठून आली असेल याचा अंदाज घेत.

आत राजेंद्र माईकसमोर सतरंजीवर बसला होता. शर्ट घामानं भिजलेला. करुणाला दारात बघून तो उठला नाही. उठता येईलसं वाटत नव्हतं. त्यानं फक्त माईक खाली ठेवला.

तो थांबला. ती दारात उभी राहून थांबली.

“ऐकू येत होतं?” त्यानं विचारलं.

“येत होतं की. त्यावरच आले. अकराव्या आकड्याला खाणीच्या काठावर होते. सव्विसाव्याला गडगा लागला.”

राजेंद्रनं मान खाली घातली. सतरंजीचा एक दोरा ओढला.

“नि पुढचं?”

करुणानं टॉवेल झटकला, घडी केली, घडी मोडली, पुन्हा केली.

“पुढचं कुठलं? गडग्याशी आल्यावर नुसतं घुमायलाच लागलं हो. तुमचं नि डोंगराचं एकच झालं. बोलताय एवढं कळत होतं. काय ते एक अक्षर कळलं नाही.”

मागं पायरीवर दीप्तीनं चमकून वर बघितलं. गडग्याशी तर भोंगा सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. ती काही म्हणणार तेवढ्यात सुंदराबाईनं तिच्या पोटरीवर काठी टेकवली.

“चला गो, निघा. चुली पेटवायच्या नायत काय तुमाला? भेटली नव्हं बाई? चला.” आणि अख्खी पायरी तिनं शेळ्या हाकाव्यात तशी हाकून नेली.

विहारात दोघंच उरली. राजेंद्रनं माईकच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते बंद केलं. त्यानं करुणाकडे निरखून बघितलं. तेहतीस वर्षं त्यानं आवाजच ऐकले होते. कोण खरं ऐकतं आणि कोण नुसतं हो म्हणतं, हे त्याला पाण्यातून चार मैलांवरनं कळायचं. करुणा सतरंजीवर त्याच्यासमोर बसली. चेहरा अगदी भाबडा केलेला.

“सगळं परत सांगू?” त्यानं विचारलं.

“सगळं.”

“सुरुवातीपासून?”

“मग काय मधूनच?”

राजेंद्रनं श्वास घेतला. आणि मग तो न थांबता, धाप लागल्यासारखा सुटला. पाणबुड्या दोन होत्या दोन्ही पाण्याखाली मधे चार मैल नि त्या दिवशी फोनची परीक्षा होती एकीत मी दुसरीत आत्माराम, असे शब्दावर शब्द चढत, एकमेकांना ढकलत, इतके भराभर की त्याचं त्यालाच पुढचं सुचेना.

करुणानं हात पुढं करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “सावकाश. एकेक शब्द.”